गाठमावशीचा मुका खांब

गोदामात तिला सगळे गाठमावशी म्हणत. हमाल म्हणत, बिलं करणारा कारकून म्हणे, आणि मालक वयाने तिच्यापेक्षा चांगले दहा वर्षांनी मोठे असूनही मावशीच म्हणत. पुस्तकांची पार्सलं बांधायची, एवढंच तिचं काम, आणि ते तिने सव्वीस वर्षं केलं. आत पुठ्ठा, वर खाकी कागद, त्यावर सुतळीचे दोन आडवे वेढे, दोन उभे, आणि मधोमध गाठ. गाठ मारून झाली की डावा अंगठा तिच्यावर दाबायचा आणि उजव्या हाताने सुतळीला एक झटका द्यायचा. त्या झटक्यानंतर ते पार्सल ट्रकमधून फेका, फलाटावर आपटा, गाठ हलायची नाही. एका दुकानदाराने तर लेखी तक्रार केली होती, की तुमची पार्सलं उघडताना आमच्या दोन कात्र्या कामातून गेल्या. मालकांनी ते पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. पुढचा आठवडाभर मावशी मान ताठ करून हिंडत होती.

मग प्लास्टिकची पट्टी मारायचं मशीन आलं. ते मिनिटाला चार पार्सलं बांधायचं आणि पाणी प्यायला उठायचं नाही. मालकांनी मावशीला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि बराच वेळ भलत्याच विषयावर बोलत राहिले. चहा मागवला तेव्हाच मावशीला कळून चुकलं होतं.

त्याला आता चार महिने झाले होते. या चार महिन्यांत ती पाच ठिकाणी कामाला विचारून आली. पाचही ठिकाणी आधी तिचे पांढरे केस बघितले गेले आणि मग तोंडभरून "कळवतो" म्हटलं गेलं. नवरा घरं रंगवायचा. काम असलं की असायचं, नसलं की महिना महिना नसायचं, आणि आजवर त्याच्या नसण्यावर मावशीच्या पगाराचं पांघरूण असायचं. पण खरी गोष्ट पगाराच्याही पलीकडची होती. सकाळी नऊला घर आवरून झालं की तिला आपल्या हातांचं काय करावं ते सुचत नसे. तिने घरातले सगळे डबे दोनदा घासले. तिसऱ्यांदा काढले तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, त्यांचा पत्रा निघेल आता."

अशात एका दुपारी लोकर आणि लेसच्या दुकानाच्या काचेवर तिला कागद दिसला: 'गिऱ्हाइकांना क्रोशाचा पहिला टाका शिकवता येईल अशी बाई हवी.' ती आत शिरली.

दुकान दोघा बहीणभावांचं होतं. भाऊ गल्ल्यावर बसायचा. त्याला सगळे शेठ म्हणत. बहीण साठीची, तिला गिऱ्हाईकंसुद्धा ताई म्हणत. ताईंच्या उजव्या हाताला अंगठ्यापासून मनगटापर्यंत पट्टा बांधलेला होता.

"क्रोशा येतो?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"विणकाम?"

"नाही. शिकेन."

शेठ गल्ल्यावरून हसला. "वा! शिकवायला बाई हवी म्हणून कागद लावला, आणि शिकायला बाई आली."

"तू गप रे," ताई म्हणाल्या. मग मावशीला स्टूल दाखवून त्यांनी आपली अडचण सांगितली. दुकानात येणाऱ्या निम्म्या बायकांनी सुई कधी हातात धरलेली नसते. त्यांना तिथल्या तिथे एक ओळ जमली, तर त्या लोकर नेतात आणि पुन्हा येतात. नाही जमली, तर "बघते" म्हणून जातात त्या जातातच. इतकी वर्षं ती ओळ ताई स्वतः शिकवायच्या. आता अंगठ्याचं दुखणं वाढलं होतं आणि डॉक्टरांनी सुईला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. कागद वाचून तीन बायका येऊन गेल्या होत्या. तिघींचा हात सुरेख. पण शिकवायला बसल्या की त्यांची सुई अशी पळायची, की समोरच्या बाईला नुसती भोवळ यायची. "असं, असं आणि असं, झालं! इतकं सोपं आहे," म्हणायच्या. एक गिऱ्हाईक तर घेतलेली लोकर परत करून गेलं.

"ज्यांना येतं ना," ताई म्हणाल्या, "त्यांना आपल्याला हे एके काळी येत नव्हतं, याची आठवणच राहत नाही. तुम्हाला तरी राहील. आठ दिवस या. दुपारी दोन ते तीन दुकान रिकामं असतं. साखळी आणि मुका खांब, एवढं शिका. आठव्या दिवशी मी सांगेन त्याला तुम्ही एक ओळ शिकवायची. त्याला जमली तर जागा तुमची."

"आणि नाही जमली तर आठ दिवसांची लोकर फुकट," शेठ म्हणाला.

"उसवलेली लोकर पुन्हा वापरता येते रे. तीस वर्षं विकतोयस, एवढं माहीत नाही?"

पहिल्या दिवशी मावशीने सुरुवातीची सरकती गाठ अशी झटकन मारली, की ताई बघतच राहिल्या. गाठ म्हटल्यावर तिला काय सांगायचं! पण पुढे साखळी घालायची वेळ आली. गाठीच्या फासात सुई असते. सुईच्या टोकाला आकडा. त्या आकड्याने लोकर पकडायची आणि फासातून ओढून बाहेर काढायची, की नवा फास तयार. त्यातून पुन्हा लोकर ओढायची. ताईंना हाताने दाखवता येत नव्हतं, म्हणून त्या सगळं तोंडाने सांगत होत्या, आणि मधेच राहवलं नाही की डाव्या हाताचं बोट हवेत फिरवत होत्या. मावशीने अर्ध्या तासात एकवीस साखळ्या घातल्या आणि कौतुकाच्या अपेक्षेने पुढे केल्या.

ताईंनी त्या चिमटीत धरून उजेडात पाहिल्या. "आता या साखळीत परत सुई घालून दाखवा."

सुई जाईना. मावशीने आकडा टोचून पाहिला, फिरवून पाहिला. बारीक फटसुद्धा मिळेना.

"ही साखळी आहे की सुतळी?" ताई म्हणाल्या. "याने म्हैस बांधाल तुम्ही. उसवा."

उसवायलाही दहा मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. ताई "सैल, सैल" म्हणत राहिल्या आणि मावशी मान डोलावत राहिली. आपल्याकडून सैलच चाललंय, असं तिला प्रामाणिकपणे वाटत होतं. तिसऱ्या दिवशी घरी जायला निघाली तेव्हा ताईंनी हळूच म्हटलं, "प्रत्येक टाका झाला, की तुम्ही लोकरीला एक झटका देता. लक्षात येतंय का?"

"मी? छे!"

गल्ल्यावरून शेठ म्हणाला, "देता. मला इथून दिसतोय."

रात्रीच्या जेवणाला अजून वेळ होता. नवरा कामावरून येऊन, हातावरचे रंगाचे ठिपके रॉकेलने पुसत बसला होता. मावशी त्याच्यासमोर सुई-लोकर घेऊन बसली.

"अहो, माझ्या हाताकडे बघा. मी झटका दिला की नुसतं 'झटका' म्हणायचं."

"आणि मला काय मिळणार?"

"जेवायला मिळणार."

"झटका," नवरा म्हणाला.

"अजून मी घातलासुद्धा नाही टाका!"

"घातलास. आत्ताच. झटका. हा बघ, झटका. अगं, तुला कळत नाही का? डावा अंगठा दाबतेस आणि उजवा हात असा मागे. झटका."

पहिल्या एकवीस टाक्यांत तो एकवीस वेळा झटका म्हणाला. दुसऱ्या खेपेलाही एकवीस. मावशी रडकुंडीला आली. सव्वीस वर्षं ज्या झटक्याने तिला नाव मिळवून दिलं, तो असा परस्पर, तिला न विचारता होत होता. ती थांबवायला गेली की तो अजून जोरात व्हायचा.

"तू थांबवायच्या मागे लागू नकोस," नवरा म्हणाला. "रंगकामाला नवीन पोरं येतात ना, ती ब्रश गच्च धरतात. त्यांना सैल धर म्हटलं की अजूनच गच्च धरतात. मी काय करतो, त्यांना अंगठा वर ठेवायला लावतो. अंगठाच टेकला नाही तर जोर कशाने लावणार?"

मावशीने डावा अंगठा उचलला आणि साखळी नुसती दोन बोटांत धरली. साखळी डुगडुगायला लागली, सुई दोनदा निसटली. नवरा म्हणाला, "झटका." मग थोड्या वेळाने, "अर्धा झटका." मग बराच वेळ काहीच नाही.

"झोपलात की काय?"

"जागा आहे की! तूच बंद केलंस, तर मी काय बोलू?"

चौथ्या दिवशी तिच्या साखळीत सुई गेली. ताईंनी स्वतः डाव्या हाताने घालून पाहिली आणि म्हणाल्या, "आता मुका खांब."

क्रोशात उंच टाक्याला खांब म्हणतात आणि सगळ्यात बुटक्याला मुका खांब. खालच्या साखळीत सुई घालायची, लोकर पकडून बाहेर काढायची, म्हणजे सुईवर दोन फास होतात. पुन्हा लोकर घ्यायची आणि ती त्या दोन्हींतून एकदम ओढायची. एकच फास उरला, की टाका झाला. सांगायला एवढंच. पण त्या दिवशी मावशीची लोकर एका फासातून यायची आणि दुसऱ्याला अडकायची. आकडा नेमका खाली वळवला की सुटते, हे तिला कोणी सांगितलं नाही. सतराव्या टाक्याला ते तिचं तिलाच सापडलं. सापडल्याबरोबर तिने ते मनात लिहून ठेवलं, की समोरच्याला हे सांगायचं. ताई काय चुकलं ते सांगत. आपण कसे चुकलो, हे मावशी लक्षात ठेवत होती.

सहाव्या दिवशी तिच्या हातात एक तुकडा तयार झाला, पण त्याचा आकार काही केल्या चौकोनी येईना. खाली रुंद, वर निमुळता.

"त्रिकोणी रुमाल काढायचा होता का?" शेठने विचारलं.

"मोजा," ताई म्हणाल्या.

मोजले. पहिल्या ओळीत वीस टाके, दुसऱ्या ओळीत एकोणीस, मग अठरा, मग सतरा. ओळीचा शेवटचा टाका कडेला दबून बसतो, दिसत नाही, आणि मावशी त्याला वगळून खुशाल मागे वळत होती. त्या दिवसापासून ती ओळ संपली की तोंडाने वीसपर्यंत मोजायची, आणि वीस झाल्याशिवाय वळायची नाही. सातव्या दिवशी तिने चौकोन आणला. कडा थोड्या लाटा मारत होत्या, पण चार कोपरे चारही दिशांना होते.

आठव्या दिवशी ती दोनला पाच मिनिटं असताना आली. नवऱ्याने सकाळी विचारलं होतं, "कोणाला शिकवायचंय?" तिला माहीत नव्हतं. एखादी कॉलेजातली मुलगी असेल, असं तिने धरलं होतं. मुलींची बोटं लवकर वळतात. दुकानात मात्र तसं कोणीच नव्हतं.

"अजून आली नाही का?"

"आलाय," ताई म्हणाल्या, आणि गल्ल्याकडे बघितलं.

शेठने आधी मागे वळून पाहिलं, मग बहिणीकडे. "मी? ताई, तीस वर्षं मी लोकर विकतोय!"

"आणि तीस वर्षांत तिचं काय करतात ते बघायला एकदा उठला नाहीस. ऊठ. आणि मुद्दाम चुकवलंस तर मला कळेल बरं. शाळेत नापास होऊन आलास, की तू असाच चेहरा करायचास."

शेठ स्टुलावर येऊन बसला. हा माणूस पहिल्या दिवसापासून मावशीला हसत होता, आणि तिची जागा आता त्याच्याच जाड बोटांत जाऊन बसली होती. ताई लांब, बटणांच्या डब्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आज त्या मधे बोलणार नव्हत्या.

सरकती गाठ मावशीने घालून दिली. साखळी कशी घालायची ते सांगितलं, एक घालून दाखवली, उसवली, पुन्हा हळू घालून दाखवली. शेठने सुई स्क्रूड्रायव्हरसारखी मुठीत धरली. ते तिने चालवून घेतलं. त्याने आकड्यात लोकर पकडली, ओढली, आणि फास आला तो अंगठीएवढा. पुढचा बांगडीएवढा.

"सैल ठेवा, सैल," मावशीच्या तोंडून आपोआप निघालं. आठ दिवस तिने हेच ऐकलं होतं.

शेठने आणखी सैल केलं. आता त्या फासांतून मांजराचं पिल्लू गेलं असतं.

"झालं?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात खोडी नव्हती. खरंच झालं का, तेच तो विचारत होता.

मावशीपाशी औषध होतं ते घट्ट हाताचं, आणि हा रोगीच निराळा. ताईंकडे बघावं असं मनात आलं, पण तिने नाही बघितलं. ती म्हणाली, "शेठ, उसवा. पुन्हा घाला. मी काही बोलणार नाही, नुसती बघते."

तो घालत होता, ती बघत होती. लोकर आकड्यात आली, की त्याचा उजवा हात बाजूला जायचा. चांगला हातभर जायचा, आणि तिथे क्षणभर थांबायचा. पुढच्या टाक्यालाही तसंच. कुठेतरी पाहिलंय हे, असं तिला वाटलं, आणि मग तिची नजर गल्ल्याच्या कडेला ठोकलेल्या पितळी मीटरपट्टीवर गेली.

"शेठ, तुम्ही लेस मोजताय."

"काय?"

"लेस. इलॅस्टिक. रोज मोजता ना, हात लांब करून? तसाच हात जातोय. तुम्हाला कळतही नसेल."

शेठने आपल्या हाताकडे पाहिलं. हात खरंच लांब, लोकर ताणून उभा होता. त्याने तो चोरासारखा जवळ घेतला. पण पुढच्या टाक्याला पुन्हा गेला. त्याच्या पुढच्यालाही.

"हा ऐकत नाही," शेठ म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा पडला होता.

"नाहीच ऐकायचा. तुम्ही उठा बघू." मावशीने स्टूल उचललं आणि भिंतीला लावून ठेवलं, असं, की बसल्यावर त्याचं उजवं कोपर भिंतीला टेकावं. "आता बसा. कोपर हलवायला जागाच नाही. नुसत्या मनगटाने करा."

पहिल्या टाक्याला कोपर भिंतीवर आपटलं. "अगंऽऽ," शेठ म्हणाला. दुसऱ्याला हळू आपटलं. तिसऱ्याला फास सुईच्या जाडीएवढा आला. चौथाही. त्याने अकरा साखळ्या घातल्या, आणि मावशीने त्याला मुक्या खांबावर आणलं. सुईवर दोन फास आले, पुन्हा लोकर घेतली, आणि ती पहिल्यातून आली नि दुसऱ्याला अडकली.

"आकडा खाली वळवा. जमिनीकडे. हां, आता ओढा."

सुटलं. शेठने तोंडातून श्वास सोडला.

पाचव्या टाक्याला एक बाई दुकानात आली. तिला दोन मीटर इलॅस्टिक हवं होतं.

"ताई, तू दे," शेठ मान वर न करता म्हणाला.

"माझ्या हाताला पट्टा आहे."

"मोजायला डावा चालतो. मला आता मधे बोलवू नका, सुटेल इथे."

ताईंनी डाव्या हाताने इलॅस्टिक मोजून दिलं. त्या बाईने जाता जाता थांबून शेठकडे पाहिलं, आणि विचारलं, "हे शिकवता का तुम्ही इथे?"

"शिकवतात," शेठ म्हणाला. "आत्ता नाही. आत्ता माझं चाललंय."

दहावा टाका झाला तेव्हा तीन वाजून गेले होते. ओळ वाकडी होती. दोन टाके लठ्ठ, एक रोडका, पण दहा होते. मावशीने मोजले, ताईंनी मोजले, आणि शेठने तर दोनदा मोजले.

"सोमवारपासून या," ताई म्हणाल्या. "दहा ते सहा. मधे जेवायला तासभर."

"एक महिना बघू आधी," शेठ म्हणाला. सवयीने म्हणाला तो. सुई अजून त्याच्या मुठीतच होती.

"बघा की," मावशी म्हणाली. आणि ती रिकाम्या खुर्चीवर बसली. आपण गल्ल्यावरच्या खुर्चीवर बसलोय, हे तिच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या कोणाच्याही नाही.

सोमवारी ती पावणेदहाला शटरसमोर उभी होती. शेठ दहा वाजून दहा मिनिटांनी आला. मंगळवारी सव्वादहाला आला, आणि तोवर शटरसमोर मावशीबरोबर दोन गिऱ्हाईकं उभी होती. त्यातली एक त्या दिवशीची इलॅस्टिकवाली. बुधवारी शेठने दुसरी किल्ली करून आणली आणि मावशीच्या हातात दिली.

"उघडून बसत जा," तो म्हणाला. "मला सकाळी उशीर होतो."